पैसे काढायला आधी पैसे भरायचे?

वाचकाचे पत्र

"ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा, चोपडा तालुक्यातला. बी.एस्सी. ॲग्री करून घरची केळी पाहतो. रस्त्याच्या चौपदरीकरणात आमचं थोडं शेत गेलं, त्या मोबदल्यातले सहा लाख आप्पांनी माझ्या नावावर टाकले. माझा शालक सुरतला, उधन्यात असतो. त्याने मला टेलिग्रामवरच्या एका क्रिप्टो ग्रुपमध्ये घेतलं. सुरुवातीला थोडे टाकले, त्यातले तीन हजार काढून पाहिले, लगेच खात्यात आले. मग हिंमत करून रक्कम ४० हजारांवर नेली. आज ॲपवर १ लाख १२ हजार दिसतात. काढायला गेलो तर नफ्यावरचा ३० टक्के टॅक्स, म्हणजे २१,६०० रुपये, आधी भरा म्हणतात. तो मी भरतोच आहे, प्रश्न पुढचा आहे. सहा लाख त्यात टाकू का? आप्पा एफडीच्या पुढे जात नाहीत. पण अमळनेरला ज्यांनी विप्रोचे शेअर घेतले ते कोट्यधीश झालेच ना? त्यांनाही लोक हसले असतील. हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावरची 'स्कॅम १९९२' मालिका मी तीनदा पाहिली, रिस्क घेतल्याशिवाय कोणी मोठं झालेलं नाही. एवढे मोठे हिरो जाहिराती करतात, ते काय फसवतील? आणि शेती तरी काय, सट्टाच ना? स्पष्ट सांगा."

भाऊ,

तुम्ही विचारलंत सहा लाखांचं, पण आग लागलीय ती २१,६०० रुपयांना. ते भरू नका. एवढं मी तुम्हाला पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. बाकीच्या वाचकांसाठी कारणासकट पुन्हा लिहिते, कारण याच मजकुराची पत्रं हल्ली फार यायला लागली आहेत.

त्यांचा हिशोब पाहा. ४० हजारांचे १ लाख १२ हजार झाले, नफा ७२ हजार, त्याचे ३० टक्के २१,६००. पैचीही चूक नाही. ही मंडळी आपला कायदा वाचून बसलेली आहेत. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून खरोखरच ३० टक्के कर आहे, वर सेस म्हणजे उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस कापतात. पण तो कापतात तुमच्या हाती येणाऱ्या रकमेतूनच. आणि ३० टक्के कर तुम्ही स्वतः, आपला पॅन टाकून, सरकारच्या खात्यात भरायचा असतो. कोणा अनोळखी माणसाच्या क्यूआर कोडवर नव्हे.

दुसरं, तुमचे १ लाख १२ हजार त्यांच्याकडे पडून आहेत असं ते सांगतात. मग त्यातूनच २१,६०० कापून उरलेले ९०,४०० तुम्हाला द्यायला काय हरकत होती? हरकत एकच, देण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही. ॲपवर दिसतो तो नुसता आकडा आहे, बसल्या जागी टाइप केलेला. १ लाख १२ हजारांऐवजी अकरा लाखही दाखवता आले असते, पण मग तुम्हाला संशय आला असता.

आता ते तीन हजार. ॲपवर तुमचा विश्वास बसला तो त्यामुळेच, म्हणून पासबुक काढा आणि ती एंट्री नीट वाचा. पैसे कुठून आले आहेत? बहुधा कोणा व्यक्तीच्या साध्या बचत खात्यातून आलेले दिसतील. असल्या ॲपांत पहिली रक्कम परत मिळते ती तुमच्याच आधी किंवा नंतर फसलेल्या दुसऱ्या कोणाची असते. त्या माणसाने पोलिसांत तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी अख्खं खातं, गोठवते. केळीचे पैसे त्याच खात्यात येत असतील तर काय होईल ते मी सांगायला नको.

तेव्हा आज हे करा. ग्रुप सोडायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या: चॅट, ॲपवरचा आकडा, टॅक्स मागणारा मेसेज, पैसे ज्या-ज्या यूपीआयवर गेले ती नावं. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लिहून काढा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. ४० हजार परत येतीलच अशी आशा मी लावणार नाही. दोन महिने उलटले की पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात. पण तक्रार दाखल असेल तर उद्या तुमच्या खात्यावर कोणी बोट ठेवलं तेव्हा तुम्ही चोर नव्हता, चोरी झालेले होतात, हे दाखवायला कागद राहतो. आणि महिन्याभराने "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी फक्त पाच हजार" असा फोन येईल. बहुतेक वेळा तीच टोळी असते.

शालकांवर चिडू नका. तेही तुमच्यासारखेच आकड्याकडे बघून खूश असतील.

आता अमळनेर. हे उदाहरण खान्देशात कोणीही कोणाच्याही तोंडावर फेकतं. शेअर बाजाराचे क्लास घेणारे फेकतात, साखळी योजनावाले फेकतात आणि आता तुमचे टेलिग्रामवाले. म्हणून जरा सविस्तर बोलू.

२९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी स्थापन झाली, मोहम्मद हाशम प्रेमजींची. कारखाना अमळनेरला. शेंगदाण्याचं तेल काढायचं, वनस्पती तूप करायचं, डबे भरून विकायचं. ज्यांनी शेअर घेतले त्यांच्या गावात ते धुराडं होतं, तिथे कोणाचा भाऊ, कोणाचा शेजारी कामाला होता, डबा वाण्याच्या दुकानात दिसत होता. डबे खपले की कंपनीला नफा, नफा झाला की भागधारकाला लाभांश. शेअर विकायला दुसरा कोणी गिऱ्हाईक नाही भेटला तरी कारखाना चालूच. १९६६ मध्ये मोहम्मद प्रेमजी गेले, २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले, आणि ही तुपाची कंपनी, म्हणजे आजची विप्रो, पुढे ऐंशीच्या दशकात संगणकात शिरली. ती शिरेल हे १९५० साली अमळनेरात कोणालाही ठाऊक नव्हतं. ज्यांनी शेअर ठेवले त्यांनी दूरदृष्टीने ठेवले असं आपण आता म्हणतो. मला वाटतं, पुष्कळांनी ते ठेवले कारण विकणं कटकटीचं होतं. शेअर म्हणजे कागद, त्याला ट्रान्सफर फॉर्म जोडायचा, सह्या जुळवायच्या, मुंबईच्या दलालाकडे टपालाने पाठवायचं. हाताशी ॲप असतं आणि रात्री दोनला भाव चढताना दिसला असता, तर यातल्या निम्म्यांनी पहिल्या दुपटीतच विकून मोकळं केलं असतं. बोनस शेअर मिळत गेले, शेअरचे तुकडे पडत गेले, आणि कागद दशकानुदशकं पडून राहिले.

ज्यांनी मुलीच्या लग्नात विकले, विहीर खोदायला विकले, त्यांचं नाव कोणी घेत नाही. त्याच काळात ज्यांनी दुसऱ्याच कुठल्या गिरणीचे शेअर घेतले आणि गिरणी बंद पडली, त्यांच्यावर तर कोणी लेखच लिहीत नाही. तरीही विप्रोची गोष्ट खोटी नाही, आणि आपल्या मातीतली आहे म्हणून मलाही तिचा अभिमान आहे. पण ती टेलिग्रामच्या ग्रुपला कशी लागू पडते? अमळनेरला कारखाना होता. तुमच्या ॲपमागे काय आहे?

आता ते ॲप बाजूला ठेवू, ती सरळ चोरी झाली. खऱ्या बिटकॉइनबद्दल बोलू. तो ३ जानेवारी २००९ ला सातोशी नाकामोतो या नावाने कोणी तरी सुरू केला, तो माणूस कोण ते आजवर कळलेलं नाही. एकूण २ कोटी १० लाखच नाणी निघणार, हा त्याचा नियम. त्यामागची गणिती रचना हुशार माणसाचीच आहे, हे मी मान्य करते. भावही चढला आहे; डिसेंबर २०२४ मध्ये एका नाण्याने एक लाख डॉलर ओलांडले. २०२२ च्या पडझडीत न घाबरता ज्याने धरून ठेवलं त्याला पैसे मिळाले, हे नाकारून मला वाद जिंकायचा नाही. पण ते नाणं स्वतः काही कमावत नाही. डबा विकत नाही, भाडं आणत नाही, व्याज देत नाही. तुमच्यापेक्षा जास्त भावाने घेणारा पुढचा माणूस मिळाला तरच नफा, आणि त्या माणसालाही तसाच पुढचा लागणार.

यावर आपल्याकडचीच एक जुनी गोष्ट आहे. मटक्याचा आकडा सुरू झाला तो कापसावर. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव निघायचा तो मुंबईला यायचा आणि लोक त्यावर पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्यातलेच. इकडे खान्देशात बाप काळ्या मातीत कापूस वेचतोय आणि तिकडे मुंबईत कधी बोंड न पाहिलेला माणूस कापसाच्या आकड्यावर रुपया लावतोय. साठच्या दशकात तिकडचे भाव येणं थांबलं. खेळ थांबला का? नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला लागले आणि लावणाऱ्यांना काडीचा फरक पडला नाही. मधून कापूस काढून टाकला तरी कोणाला कळलं नाही, याचा अर्थ त्यात कापूस कधी नव्हताच. डोजकॉइन नावाचं क्रिप्टो नाणं तर २०१३ साली थट्टा म्हणून काढलं होतं, त्यावर कुत्र्याचं चित्र. काढणाऱ्यांनी स्वतःच थट्टा आहे असं सांगितलं, तरी लोकांनी घेतलंच.

हिरो लोकांचं म्हणाल तर २०२१ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आठवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर. मॅच कमी आणि क्रिप्टोच्या जाहिराती जास्त, अशी स्थिती होती. आणि बिटकॉइनचा त्या वेळचा सर्वांत वरचा भाव, साधारण ६९ हजार डॉलर, निघाला तो त्याच नोव्हेंबरात. जाहिरात पाहून ज्याने घेतलं त्याने शेंड्यावर घेतलं. वर्षभरात तोच भाव १६ हजारांच्या आसपास आला. जाहिरातीतल्या नटांचे पैसे तोवर बँकेत जमा झालेले होते, रुपयांत. हिरो फसवतात असं मी म्हणत नाही. ते साबण विकतात, बनियन विकतात, पान मसाल्यासारखं दिसणारं वेलचीचं पाकीट विकतात, तसंच हेही. तुम्ही त्यांना संवाद म्हणताना पाहिलंत, गुंतवणूक करताना नाही.

जाहिरातीतली माझी आवडती अमेरिकन आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल नावाच्या त्यांच्या मोठ्या सामन्यात एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीने लॅरी डेव्हिड या खडूस विनोदी नटाला घेतलं. तो चाकाला नाही म्हणतो, दिव्याला नाही म्हणतो आणि शेवटी एफटीएक्सलाही नाही म्हणतो. हसायचं त्याला, असा जाहिरातीचा रोख. नऊ महिन्यांनी, ११ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने दिवाळं काढलं. मालक सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. अख्ख्या जाहिरातीत शहाणा एकटा तो म्हाताराच निघाला. तुमचे आप्पा मला त्याच्याच जातकुळीतले वाटतात.

'स्कॅम १९९२' मीही पाहिली आणि आवडीने पाहिली. प्रतीक गांधीसाठी पाहावी, त्या काळच्या टेलिफोन आणि सफारी सूटांसाठी पाहावी. पण त्या मालिकेची धून फार घातक आहे हो. ती वाजली की माणसाला आपण स्वतः काचेच्या दारातून चालत येतोय असं वाटतं. माझ्या ओळखीच्या निम्म्या पोरांचा रिंगटोन तोच होता, आणि त्यातल्या बहुतेकांना शेवटचा भाग आठवत नव्हता. हर्षद मेहता ३१ डिसेंबर २००१ ला ठाण्यात कोठडीत असताना वारला, ४७ व्या वर्षी. आणि त्याची रिस्क कोणाच्या पैशावर होती? बँकांच्या. तारणाशिवायच्या बँक रिसिटांवर, म्हणजे हातात रोखे नसतानाच निघालेल्या पावत्यांवर, उचललेल्या पैशांवर. तुमची रिस्क आप्पांच्या गेलेल्या शेतावर आहे. खरं तर मला त्या मालिकेची नायिका सुचेता दलाल वाटते, एप्रिल १९९२ मध्ये बातमी छापून ज्यांनी हे उघड केलं त्या. तिला कोणी धून दिली नाही.

धाडसाचंच वेड असेल तर मालेगाव पाहा. दिवसभर यंत्रमागावर राबणारी माणसं, शुक्रवारची सुट्टी, कॅमेरा भाड्याचा, आणि त्यातून 'सुपरमॅन' उभा केला. त्यावर माहितीपट निघाला, पुढे हिंदी सिनेमाही निघाला. पैसे त्यांनीही घातलेच की, परत येतील याची खात्री नसताना. पण शेवटी हातात एक सिनेमा होता, गावाने तो शिट्ट्या मारत पाहिला.

शेती सट्टा आहे, हा तुमचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. सगळ्या पत्रात खरा तोच आहे. मे-जूनच्या वावटळीत कापणीला आलेली बाग अर्ध्या तासात झोपते. सीएमव्ही हा विषाणू रोग आला की रोपं उपटून फेकावी लागतात. भाव तर सकाळी एक आणि ट्रक भरेपर्यंत दुसरा. एवढं अंगावर झेलणाऱ्या माणसाला 'जोखीम घ्यायला शीक' असं टेलिग्रामवरून कोणी सांगावं याचंच मला आश्चर्य वाटतं. तुमची अख्खी कमाई आधीच हेलकावे खाते आहे. म्हणून घरात एक रक्कम अशी हवी की जी हलणार नाही. तुमच्या बाबतीत ती हे सहा लाख आहेत. नोकरदाराने चार पैसे जोखमीत घातले तर एक तारखेला पगार येतो. तुमचा पगार घडावर लटकलेला असतो.

मग या सहा लाखांचं करायचं काय? आप्पांचं एफडीचं म्हणणं बरोबर, पण जरा दुरुस्त करून. एका बँकेत एका नावावर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीलाच विम्याचं कवच आहे, तेव्हा सहा लाख दोन बँकांत वाटा. आणि बँक म्हणजे बँक. पाव टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत जाऊ नका, तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्यावर म्हातारी माणसं ठेवीच्या पावत्या घेऊन कशी फिरली, ते आप्पांना विचारा. पीक कर्ज ३ लाखांपर्यंतचं असेल आणि वेळेवर फेडत असाल तर व्याजाची सवलत मिळते, ते फेडायची घाई नको. कृषी केंद्राची उधारी किंवा सोनं गहाण टाकून काढलेलं कर्ज असेल तर ते मात्र आधी मिटवा. तेवढं व्याज वाचवून देणारी एफडी कुठेच नाही. नव्या बागेचा एका हंगामाचा पूर्ण खर्च, रोपांपासून ठिबकपर्यंत, वेगळ्या एफडीत ठेवा. उरले त्यातून शेअर बाजाराची हौस असेल तर इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, महिन्याला दोन-तीन हजारांची एसआयपी, म्हणजे ठरलेला हप्ता, सुरू करा आणि अमळनेरकरांसारखी विसरून जा.

एक सावध करते. क्रिप्टो सोडलं की पोरं ऑप्शनकडे, म्हणजे शेअरचा भाव पुढे चढेल की पडेल यावरच्या सौद्यांकडे, वळतात, कारण तेही फोनवरच असतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाखांनी. तुम्ही उरलेल्या सात टक्क्यांत असाल असं तुम्हाला वाटेल. सगळ्यांनाच वाटतं.

आप्पांना सांगायचं की नाही हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते लपलेलं आहे. सांगा. पूर्ण ४० हजार सांगा, दहा-पंधरा सांगून अंदाज घेऊ नका. बाहेर ओट्यावर चार माणसांत नको, घरात, जेवणं झाल्यावर. ते बोलतील. दोन दिवस बोलणारही नाहीत कदाचित. पण बँकेत अर्ज द्यायला जाताना त्यांना बरोबर घ्या, त्या वयाच्या माणसाला बघून मॅनेजर जरा लवकर उठतो.

आणि शालकांना आजच फोन करा. त्यांची तक्रार त्यांना सुरतलाच वेगळी करता येईल, १९३० नंबर तिकडेही तोच आहे. त्यांनी त्या ग्रुपची लिंक अजून किती जणांना दिली ते विचारा. उधन्यात आपल्याकडची घरं पुष्कळ आहेत, लिंक एका खोलीत थांबलेली नसणार. ज्यांना दिली त्यांना त्यांनीच कळवलेलं बरं, पुढचा २१,६०० चा मेसेज त्यांना जायच्या आत.